डोंगर न चढता मॉरिशस

(वाचकांचे प्रश्न : प्रवास)

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात यांच्याबरोबर आम्ही उभयता आठवडाभर मॉरिशसला जात आहोत. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक येथे आहे. मुलगा आणि सून ल मॉर्न हा डोंगर चढणार आहेत, शिवाय ब्लॅक रिव्हरच्या जंगलात त्यांची पायपीट ठरलेली आहे. माझ्या यजमानांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असून मलाही फार पायऱ्या सोसत नाहीत. मुलगा म्हणतो, ‘तुम्ही आरामात समुद्रावर बसा.’ पण आमचा जन्मच कोकणात गेला. केवळ समुद्र पाहण्यासाठी एवढा खर्च करून इतके तास विमानात बसायचे का? चढ-उतार टाळून तिथे पाहण्यासारखे आणि करण्यासारखे काय आहे?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : समुद्रावर बसण्याचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला, तरी आपण तो एखाद्या संध्याकाळपुरताच मानावा. किनाऱ्यावर गेल्यावर सावलीसाठी जी झाडे दिसतील, ज्यांना तिथले लोक ‘फिलाओ’ म्हणतात, ती म्हणजे आपल्या गुहागर-मुरुडच्या किनाऱ्यावरचा सुरूच आहे. फरक एवढाच की, बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळाचा बांध असल्यामुळे लाटा दूरवरच फुटतात आणि किनाऱ्यालगतचे पाणी तळ्यासारखे निवांत राहते. हे दृश्य सुंदर आहे, पण सात दिवसांचा कार्यक्रम त्यावर उभा राहत नाही.

मला विचाराल तर मॉरिशस हे साखरेने घडवलेले बेट आहे आणि त्या साखरेचा माग काढत फिरले, तर एकही डोंगर न चढता बेट समजते. आपण नेमक्या ऊसतोडीच्या हंगामात जात आहात. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि आपला मुक्काम पश्चिमेला, त्यामुळे पहिल्याच दिवशी सुमारे तासभर मोटारीतून उसाच्या शेतांमधून जावे लागेल. त्या शेतांमध्ये मधूनमधून काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतील, काही तर नीट रचलेल्या चौथऱ्यांसारखे. ते कुठल्याही देवस्थानाचे अवशेष नाहीत. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले असल्यामुळे जमिनीत दगडच दगड होते, आणि ऊस लावण्यासाठी ते एकेक करून उचलून बाजूला रचावे लागले. ते काम आधी गुलामांनी आणि पुढे करारावर आणलेल्या मजुरांनी हातांनी केले. नातीला हे आधी सांगून ठेवा. पुढचे सात दिवस ती खिडकीतून ढीग मोजत बसेल.

या मजुरांची गोष्ट राजधानी पोर्ट लुई येथे बंदरालगत असलेल्या आप्रवासी घाटावर पाहायला मिळते. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपुष्टात येत असताना मळेवाल्यांना नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ या जहाजातून छत्तीस भारतीय मजूर येथे उतरले आणि त्यानंतर १९२०पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे याच बंदरातून बेटावर आली. त्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातले लोक सर्वाधिक होते, मद्रास इलाख्यातले होते आणि मुंबई इलाख्यातले, विशेषतः आपल्या रत्नागिरी भागातलेही होते. घाटावर आज जुन्या इमारतींचा थोडाच भाग उरला आहे. दवाखान्याचे, न्हाणीघरांचे आणि स्वयंपाकघराचे अवशेष आहेत आणि बंदरातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. या पायऱ्या आपल्याला चढायच्या नाहीत, फक्त त्यांच्यापाशी उभे राहायचे आहे. चिपळूणहून गेलेल्या माणसाला तिथे काय वाटेल, हे मी लिहिण्याची गरज नाही. युनेस्कोने २००६ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा म्हणून घोषित केले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि शेजारच्या माहिती केंद्रात बसून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र रविवारी जाऊ नये. रविवारी पोर्ट लुई जवळजवळ झोपलेले असते.

घाटावरून मोटारीने पाच मिनिटांवर मध्यवर्ती बाजार आहे. भाजीची बाजू तळमजल्यावरच असून कोथिंबीर, दुधी, कारली, शेवग्याच्या शेंगा असे ओळखीचे चेहरे तिथे भेटतात. बाजारात खाण्याची खरी गोष्ट म्हणजे ‘धोल पुरी’. डाळ शिजवून, वाटून, हळद घालून ती पोळीत भरतात. म्हणजे कृती पुरणपोळीची, पण गूळ वजा. विक्रेता पातळ, मऊ अशा दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यांवर मोठ्या वालासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी चमच्याने पसरतो, एका हाताने गुंडाळी करून कागदात देतो, आणि हे सगळे आपण सुटे पैसे काढेपर्यंत झालेले असते. एक पुरी कोणी मागत नाही, जोडीच मागतात. मी पहिल्यांदा एकच मागितली होती, तेव्हा विक्रेत्याने माझ्याकडे दयेने पाहिले होते. वरून ‘आलूदा’ घ्यावा. दूध, सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे घालून केलेले हे पेय म्हणजे आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ आहे.

दुसरा दिवस उत्तरेकडे पाम्प्लमूस या गावासाठी राखावा. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ पपनस, आणि गावाला ते नाव फळावरूनच पडले. तेथील वनस्पती उद्यान अठराव्या शतकात पिएर पुआव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने वाढवले. मसाल्यांच्या व्यापारातली डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी त्याने जायफळ आणि लवंगेची रोपे पूर्वेकडून चोरून आणवली होती. वाटा सपाट आणि सावलीच्या आहेत, मधूनमधून बाकेही आहेत. ज्या कुंडासमोर सारे जग छायाचित्रे काढते, त्यात ॲमेझॉनच्या प्रचंड कमळवेली आहेत. त्यांची पाने पाण्यावर ठेवलेल्या मोठ्या परातींसारखी, कडा उभ्या असलेली अशी दिसतात. फूल पहिल्या दिवशी पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. याच उद्यानात ताडाच्या जातीचा ‘तालिपोट’ वृक्ष आहे, जो कित्येक दशके वाढत राहतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांची समाधीही तिथेच आहे.

उद्यानापासून जवळच बो प्लाँ येथे एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात ‘लाव्हाँत्यूर द्यु स्युक्र’ हे संग्रहालय आहे. हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि यंत्रे जागच्या जागी ठेवून तिथे साखरेचा, म्हणजे पर्यायाने देशाचाच, इतिहास मांडला गेला. यासाठी दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत, कारण वाचायला पुष्कळ आहे. शेवटी न शुद्ध केलेल्या साखरेचे निरनिराळे प्रकार चाखायला देतात. फिकट सोनेरी रंगापासून काळपट ओलसर साखरेपर्यंत क्रमाने चव घेत गेलात की, शेवटच्या चमच्याला थेट काकवी आठवते. मोठ्यांना रमही चाखायला मिळते. यजमानांचे पथ्य आपणच जाणता.

आता ल मॉर्नविषयी. मुलगा आणि सून हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर चढतील त्या दिवशी आपण मुक्कामावर थांबू नका, त्यांच्याबरोबरच निघा. त्यांची चढण-उतरण तीन-चार तासांची आहे आणि तेवढ्या वेळात पायथ्याशी आपल्याला करण्यासारखे आहे. या डोंगराच्या कड्याकपारींत पळून आलेले गुलाम लपून राहत असत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा ही बातमी सांगण्यासाठी आलेल्या शिपायांना पाहून, ते आपल्याला पकडायलाच आले आहेत असे समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. पायथ्याशी त्यांच्या स्मरणार्थ उद्यानासारखी मोकळी जागा असून तिथे निरनिराळ्या देशांतल्या शिल्पकारांनी घडवलेली दगडी शिल्पे आहेत. तिथून समोर सरळ उभा कडा दिसतो. खरे सांगायचे तर ल मॉर्न वरून दिसत नाही, खालूनच दिसतो. वर गेलेल्यांना समुद्र दिसतो. त्यानंतर जवळच्या सार्वजनिक किनाऱ्यावर नातीला पाण्यात खेळवता येईल, मात्र तिच्या पायांत रबरी बूट हवेत, कारण प्रवाळाच्या तुकड्यांत समुद्री साळूचे काटे असतात.

परतताना शामारेल घ्यावे. तेथील सात रंगांची माती म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनलेली, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे वेगवेगळ्या रंगांची दिसणारी टेकाडे आहेत. मोटार जवळपर्यंत जाते आणि पाऊण तासात पाहून होते. छायाचित्रांत दिसते तेवढे रंग डोळ्यांना दिसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. ऊन तिरपे असताना बरे दिसतात. धबधबाही सज्जातून दिसतो.

आग्नेयेकडचा माएबूर हा भाग मात्र बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात नसतो आणि मला तोच सर्वांत आवडतो. सोमवारी तिथे आठवडी बाजार भरतो. गावाबाहेर १८७० पासून चालत आलेला एका कुटुंबाचा बिस्किटांचा कारखाना आहे, जिथे कसाव्याच्या कंदाची, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाची, बिस्किटे बनतात. कंद किसून, धुऊन, पिळून, वाळवून केलेले पीठ बायका तापलेल्या लोखंडी पत्र्यावरच्या चौकोनी साच्यांत भरतात, वरून चपटे करतात आणि खाली जाळ उसाच्या वाळलेल्या पाचटाचा असतो. ती धग, तो वास आणि हातांचा तो न चुकणारा वेग पाहत अर्धा तास सहज जातो. शेवटी गरम चहाबरोबर बिस्किटे मिळतात. उपासाला चालतील का, असे माझ्या पत्नीने तिथे विचारले होते; त्यांत काय काय असते ते ऐकल्यावर आम्ही तो प्रश्न पुढे नेला नाही.

त्याच भागात ब्लू बे या सागरी उद्यानात काचेच्या तळाची होडी मिळते. चढताना गुडघाभर पाण्यातून जावे लागू शकते, म्हणून नावाड्याला गुडघ्यांची कल्पना आधी द्यावी. एकदा बसलात की तासभर खाली पाहत राहायचे, एवढेच काम. जवळच्या इल ओ एग्रेत या सव्वीस हेक्टरांच्या प्रवाळी बेटावर मार्गदर्शकाबरोबर नेतात. तिथे राक्षसी कासवे वाटेवरूनच चालत असतात आणि नशीब असेल तर गुलाबी पारवा दिसतो, ज्याची रानातली संख्या १९९०च्या सुमारास दहा-बारांवर आली होती. फेरी सपाट आहे, पण दीड तास उभ्याने चालावे लागते, त्यामुळे यजमानांनी काचेची होडी आणि आपण व नातीने हे बेट अशी वाटणी करावी. जुलै २०२० मध्ये याच किनाऱ्यालगत ‘वाकाशिओ’ हे जहाज प्रवाळाच्या बांधावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडले, तेव्हा लोकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, त्यांचे तरंगते बांध शिवून ते पाण्यात सोडले होते. साखर या बेटाला सोडत नाही, ती अशी.

उरलेल्या दिवसांपैकी एक पूर्ण रिकामा ठेवावा. आणखी एका दिवशी मध्य पठारावर जावे. क्यूरपीप येथील त्रू ओ सेर्फ या शांत झालेल्या ज्वालामुखीच्या काठापर्यंत मोटार जाते, गावात जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनवणारे कारागीर आहेत, आणि पुढे गंगा तलावावर एकशे आठ फुटी शंकराची मूर्ती आहे. तिथे गारठा आणि रिमझिम असते, म्हणून हलका स्वेटर हवा. दिवसभराची टॅक्सी ठरवताना भाव आणि थांबे आधीच बोलून घ्यावेत.

प्रश्न : मॉरिशसमध्ये गणेशोत्सव होतो असे ऐकले. परक्या माणसाला तो पाहता येतो का, आणि तिथे मराठी बोलून चालते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : होतो, आणि त्यासाठी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ही सुट्टी साधारणपणे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, कारण विसर्जन त्या दिवशी होते. दीड दिवसाच्या गणपतीची आपली रीत तिथे अशी सरकारी दिनदर्शिकेत जाऊन बसली आहे. दुपारपासून मिरवणुका समुद्राकडे किंवा नदीकडे निघतात आणि वाटेवर उभे राहून पाहणाऱ्याला कोणी परके मानत नाही. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. फेर, पायांचे ठेके आणि ढोलकी ओळखीची वाटतात, उच्चार मात्र किंचित निराळे असतात.

मराठी बोलून चालते, असे मात्र म्हणता येणार नाही. मराठी कुळातली माणसेही घरी आणि बाजारात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. मराठी शाळेत शिकतात, देवळात गातात आणि आरत्या पाठ म्हणतात. आपण मराठीत बोललात तर ज्येष्ठ मंडळी हळूहळू, शब्द जुळवत उत्तर देतील. त्यांना मध्येच तोडून इंग्रजीवर जाऊ नये, एवढी विनंती. वेळ असेल तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेतले भारतीय स्थलांतराचे संग्रहालय पाहावे. आलेल्या मजुरांची दप्तरे याच संस्थेने जपली आहेत.

प्रश्न : मी टपाल तिकिटांचा संग्राहक आहे. जहाजाच्या सहलीत पोर्ट लुई येथे फक्त अर्धा दिवस मिळणार आहे. तो कुठे घालवावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्यासाठी उत्तर एकच आहे : कोदाँ येथील ब्लू पेनी संग्रहालय. १८४७ मध्ये मॉरिशसने एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे अशी तिकिटे काढली, प्रत्येकी पाचशे. ब्रिटनबाहेरच्या ब्रिटिश साम्राज्यातली ती पहिली सरकारी तिकिटे होत. त्यांवर ‘पोस्ट ऑफिस’ असे कोरले गेले, तर पुढच्या छपाईत ‘पोस्ट पेड’ आले; पहिले शब्द कोरणाऱ्याच्या विसरभोळेपणामुळे आले, ही गोष्ट आपण ऐकली असेल, पण जाणकार ती मानत नाहीत. आज जगात दोन्ही मिळून सुमारे दोन डझनच प्रती उरल्या आहेत आणि त्यांपैकी एक जोडी मॉरिशसच्या बँका व कंपन्यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये लिलावात विकत घेऊन मायदेशी आणली.

जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा दर तासाला काही मिनिटेच लावतात, एरवी समोर प्रतिकृती असते. म्हणून आत शिरताच पहारेकऱ्याला पुढची वेळ विचारावी आणि तोवर जुने नकाशे पाहावेत. वेळ झाली की अंधाऱ्या दालनात सगळे आपोआप गप्प होतात, मंद दिवा लागतो आणि नखाएवढ्या कागदावरची राणी व्हिक्टोरिया दिसते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी खिशातून भिंग काढले होते, तरी काचेमुळे त्याचा उपयोग झाला नाही. वेळ उरला तर चालत जाण्याच्या अंतरावरच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात डोडो पक्ष्याचा सांगाडा पाहून बोटीवर परतता येईल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि आईला बोट लागते. तरीही ‘कॅटमरान’ची (जोडहोडीची) दिवसभराची सहल घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आई बरोबर असतील तर घेऊ नये. प्रवाळाच्या बांधाच्या आतले पाणी शांत असते, पण दिवसभराच्या बऱ्याच सहली बांधाबाहेर जातात, आणि पूर्व किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये वारा जोराचा असतो. शिवाय सहलीतले जेवण बहुतेक भाजलेल्या मासळीचे असते. शाकाहारी व्यक्तीच्या ताटात पाव आणि काकडी उरते. त्याऐवजी दक्षिणेला बुआ शेरी येथील चहाच्या मळ्यात जावे. कारखाना पाहून तळ्याकाठच्या ओसरीवर व्हॅनिलाचा चहा घ्यावा आणि तिथून सेंत ओबें येथे व्हॅनिलाची लागवड पाहावी. व्हॅनिलाच्या प्रत्येक फुलाचे परागीकरण हाताने, एका काडीने करावे लागते. ही युक्ती शेजारच्या रेयुनियाँ बेटावर १८४१ मध्ये एदमाँ आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. तिथून सुइयाकच्या ग्री-ग्री या टोकाला मोटारीने जाता येते. बेटाच्या या भागात प्रवाळाचा बांध तुटलेला असल्यामुळे समुद्र थेट कड्यावर आदळतो, आणि तो आईंना बाकावर बसून, बोट न लागता पाहता येईल. शाकाहारी जेवणाची अडचण गावांत येत नाही; धोल पुरी, डाळीच्या वड्यांसारखे ‘गातो पिमाँ’ आणि भात-आमटी कुठेही मिळते. फक्त आमटीत सुकी मासळी नाही ना, हे एकदा विचारून घ्यावे.